पेला कुणाच्या हातात?

गेल्या दिवाळीत माझ्या घरी साकेच्या दोन बाटल्या आल्या. साके म्हणजे जपानी लोकांची तांदळाची दारू. ती मी प्यायले. एकदा नव्हे, चार संध्याकाळी, थोडी थोडी आणि समजून घेत. हे वाचून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. काहीजणी म्हणतील, 'त्यात काय एवढं? आम्ही तर कधीपासून घेतो.' मला दोघींशीही बोलायचं आहे, म्हणून हा लेख.

मी चितेगावची. संभाजीनगरहून (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं) पैठणकडे निघालं की रस्त्यावर लागणारं, पैठण तालुक्यातलं हे गाव. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आणि पंचवीस वर्षं बायकांच्या गटाबरोबर दारूविरोधी काम केलं. गुत्त्यापुढे ठिय्या दिला, सह्या गोळा केल्या, 'आडवी बाटली'साठी मतदान घडवून आणलं. म्हणजे ज्या बाईने दारूचं नाव काढलं की पदर खोचायचा, ती मी. आणि त्याच हाताने मी पेला उचलला. ही विसंगती आहे का? असेल तर ती नेमकी कुठे आहे? दोन महिने मी याचाच विचार करते आहे.

जपान आम्हांला तसा परका नाही. चितेगावचं नाव बाहेर कळलं ते व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे, आणि व्हिडिओकॉनचा टीव्ही ऐंशीच्या दशकात निघाला तो तोशिबा या जपानी कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. अजिंठा-वेरूळच्या परिसराच्या विकासाला जपानचं कर्ज मिळालं. आता शेजारच्या बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. तेव्हा जपानी माणसं येणार, त्यांच्यासाठी हॉटेलं निघणार, आणि हॉटेलांत साकेही येणार. ती कोण पिणार, कोण ओतणार, याचा विचार आपण आत्ताच केलेला बरा.

माझी भाची इंजिनिअर आहे. कंपनीच्या कामासाठी ती सहा महिने जपानात राहिली. येताना एक तीनशे मिलीची लहान आणि एक सातशे वीस मिलीची मोठी बाटली घेऊन आली. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज सगळं उरकल्यावर रात्री म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. चाखून तरी बघशील?" मी रागावले नाही. मला पहिल्यांदा आठवली ती माझी आई. ती उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करायची. पीठ रात्री भिजवून ठेवायची आणि सकाळी झाकण काढून नुसत्या वासावरून सांगायची, 'आंबलंय' किंवा 'अजून व्हायचंय.' भाचीने बाटली उघडली तेव्हा मी आधी तसाच वास घेतला.

आधी साके म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ठाऊक नव्हतं. जपानी भाषेत 'साके' म्हणजे कुठलीही दारू. तांदळाच्या या पेयाला ते 'निहोन्शु' म्हणतात. ही गाळलेली, भट्टी लावून उतरवलेली दारू नव्हे. बिअर किंवा वाईनसारखी आंबवलेली आहे. मात्र तिच्यात मद्यार्क असतो साधारण पंधरा-सोळा टक्के, म्हणजे साध्या बिअरच्या तिप्पट. पाण्यासारखी दिसते म्हणून पाण्यासारखी प्यायची नाही, हा पहिला धडा.

तांदळात साखर नसते, पिष्ठ असतं. त्याची साखर झाल्याशिवाय ते आंबून मद्य होत नाही. जपानी लोक हे काम 'कोजी' नावाच्या बुरशीकडून करून घेतात. वाफवलेल्या भातावर ही बुरशी पेरतात, उबदार खोलीत दोन दिवस तिला सांभाळतात. मग तो भात, आणखी वाफवलेला भात, पाणी आणि यीस्ट एका पिंपात जातं. तिथे एकीकडे कोजी साखर करत असते आणि दुसरीकडे यीस्ट त्या साखरेचं मद्य करत असतं. दोन्ही कामं एकाच भांड्यात, एकाच वेळी. हे ऐकून मला हसू आलं. इडलीचं पीठ, ढोकळा, आंबील, विरजण यांवर जन्म काढलेल्या बाईला हे समजायला कॉलेजची पायरी चढावी लागत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने या कोजीच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिलं. आपल्या आयांच्या आंबवणीची अशी यादी कुणी केली आहे का?

बाटलीवरचे शब्द वाचायला शिकणं हा दुसरा धडा. तांदूळ दळून त्याचा बाहेरचा भाग काढून टाकतात, कारण बाहेरच्या थरात प्रथिनं आणि चरबी असते, आणि आत निव्वळ पिष्ठ. दाण्याचा साठ टक्के किंवा त्याहून कमी भाग उरला तर ती 'गिंजो', पन्नास टक्के किंवा त्याहून कमी उरला तर 'दाईगिंजो'. 'जुनमाई' असं लिहिलं असेल तर वरून मद्यार्क घातलेला नाही. फक्त तांदूळ, कोजी, पाणी आणि यीस्ट. 'निगोरी' म्हणजे गढूळ, पांढरी, पेजेसारखी. जितका दाणा जास्त दळला तितकी किंमत जास्त. पण महाग तितकी चांगली असं समजायचं कारण नाही. मला लहान बाटलीतल्या गिंजोपेक्षा मोठ्या बाटलीतली साधी जुनमाई जास्त आवडली. अर्धा दाणा दळून टाकायचा ही गोष्ट, रेशनचा तांदूळ निवडत वाढलेल्या माझ्या मनाला अजूनही पटत नाही. भाची म्हणाली, 'मावशी, तो कोंडा फेकत नाहीत, त्याच्या पिठाचे पदार्थ करतात, गुरांना घालतात.' तेव्हा जरा बरं वाटलं.

प्यायची कशी? गिंजो थंड प्यायची. तिला वास असतो, पिकलेल्या केळ्याचा, खरबुजाचा. गरम केली की तो उडून जातो. जुनमाई मात्र कोमट करून बघावी. आम्ही पातेल्यात पाणी गरम करून आच बंद केली आणि त्यात स्टीलच्या उभ्या भांड्यात साके ठेवली, हाताला सोसवेल इतकी ऊब येईपर्यंत. मग तिच्यातून नुकत्या शिजलेल्या भाताची वाफ आली, आणि जिभेवर ताकासारखा किंचित आंबटपणा. घोट लहान घ्यायचा, तोंडात फिरवायचा, घाई करायची नाही. पेले आमच्याकडे नव्हते, आम्ही तीर्थाच्या वाट्या घेतल्या. (यावर कुणी नाराज होणार असेल तर होवो.) प्रत्येक वाटीमागे तितकंच साधं पाणी प्यायचं. जपानीत या पाण्यालासुद्धा वेगळं नाव आहे, त्याचा अर्थ 'मऊ करणारं पाणी'. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. ठेच्याबरोबर मी घेऊन पाहिली. ठेच्याने तिचं काही शिल्लक ठेवलं नाही. उकडलेल्या शेंगा, वरण-भात-तूप, दहीभात यांच्याबरोबर मात्र ती मेतकुटासारखी जमली. बाटली अंधारात, थंड जागी ठेवायची आणि उघडल्यावर आठ-दहा दिवसांत संपवायची. संपवायची म्हणजे एकटीने नव्हे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, 'बाई, हा पाककृतीचा रकाना आहे की काय?' थांबा. या बाटलीने मला जे शिकवलं ते पुढेच आहे.

साके बनवणाऱ्या मुख्य कारागिराला जपानीत 'तोजी' म्हणतात. हा शब्द कुठून आला याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. त्यांतलं एक मत असं, की घरच्या कर्त्या बाईला जुन्या जपानीत 'तोजी' म्हणत, त्यावरून हा शब्द आला, कारण पूर्वी दारू घरात बनायची आणि ती बाई बनवायची. फार प्राचीन काळी तर तांदूळ तोंडात चावून, थुंकून, त्या लाळेने तो आंबवत. मग धंदा मोठा झाला, पैसा आला. एदोच्या काळात मोठाले कारखाने निघाले, हिवाळ्यात गावाकडून शेतकरी पुरुष टोळ्यांनी येऊन तिथे राहू लागले, आणि बायकांना आत यायलाच बंदी झाली. कारण काय दिलं? विटाळ. बाई आत आली की दारू नासते म्हणे. दारूची देवी मत्सर करते, असंही सांगत.

मैत्रिणींनो, ही गोष्ट ओळखीची वाटते की नाही? लोणच्याच्या बरणीला शिवू नकोस, पापड लाटताना बाजूला बस. ज्या कलेचं नावच कदाचित बाईवरून पडलं, त्या कलेच्या दारात बाईच बाटली. घरात फुकट होतं तोवर ते बायकांचं काम. पैसा मिळायला लागला की ते पुरुषांचं कसब. शिवण, स्वयंपाक, सुईणपण, सगळ्यांचं असंच झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही बंदी हळूहळू सैल झाली. १९८५ साली जपानात नोकरीतल्या समान संधीचा कायदा झाला. १९८८ ते १९९१ या काळात 'नात्सुको नो साके' नावाची चित्रकथा मालिका तिथे गाजली. शहरातली नोकरी सोडून घरच्या साकेच्या कारखान्यात परतणाऱ्या मुलीची ती गोष्ट. पुढे तिच्यावर दूरदर्शन मालिकाही निघाली. आज हिरोशिमाजवळच्या आकित्सु गावी मिहो इमादा या बाई स्वतः तोजी आहेत. २०२० साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव होतं. पण म्हणून तिथे सगळं आलबेल झालं असं नाही. भाचीनेच सांगितलं. जपानात आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजाऱ्याने भरायचा, आपण शेजाऱ्याचा. ऐकायला किती छान! पण ऑफिसच्या जेवणात वरिष्ठ पुरुषांच्या शेजारी तरुण मुलींना बसवायचं आणि त्यांनी ओतत राहायचं, असाही त्या रिवाजाचा अर्थ होऊन बसला आहे. भाची पहिल्याच जेवणात म्हणाली, 'मला ओतता येत नाही, सांडतं.' मग कुणी सांगितलं नाही.

आता आपल्या घराकडे येऊ.

जपान सरकारने १८९९ साली घरी दारू बनवणं बेकायदा ठरवलं, कारण त्या काळी सरकारचा फार मोठा कर दारूवरून येत होता. आपल्याकडे इंग्रजांनी तेच केलं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींच्या मोहाच्या फुलांवरच बंधन आलं. मोहाची फुलं वेचणाऱ्या, वाळवणाऱ्या बाया एका रात्रीत गुन्हेगार झाल्या, आणि ठेकेदार मालक झाला. मोहावरचे ते निर्बंध आपल्या राज्याने काढले २०२१ साली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे आपल्यालाही लागू झाला. त्या कायद्याने आजही दारू प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. नावात बंदी, आणि तिजोरीत महसूल. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचं शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींची जादा भर अपेक्षित धरली. हे पैसे कुणाच्या घरातून जाणार, याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

तो हिशेब आपण मांडत आलो आहोत. १९९२ साली आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी मांडला आणि सरकार हलवलं. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती लोकांच्या रेट्याने. चंद्रपूरची बंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आमच्या तालुक्यातल्या एका गावात आम्ही मतदान घेतलं तेव्हा आलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागत होती. ऊसतोडीला गेलेली, माहेरी गेलेली, मेलेली, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जात. कुठल्या आमदाराला निवडून यायला असली अट आहे?

या लढ्यात मी होते, आहे आणि राहीन. मग साकेचं काय?

मी ठरवलं, लपवायचं नाही. आमच्या गटाच्या महिन्याच्या बैठकीत सांगून टाकलं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक-दोघी हसल्या. एकीने विचारलं, "गोड असती का बाई?" पण आमच्यातली एकजण (तिचं नाव लिहीत नाही) हसली नाही. तिचा नवरा कारखान्यात कामाला होता. काम गेलं, मग तो गुत्त्यावर बसला, मग काविळीने गेला. तिच्या मनगटावरचा व्रण आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. बैठक संपल्यावर ती म्हणाली, "बाई, मला राग न्हाई आला. तुमचा पैसा, तुमचं घर, तुम्ही काय बी प्या. पर उद्या मोर्च्यात तुम्ही म्होरं असताल, तवा गुत्तेवाला म्हणंल, आधी हिच्या तोंडाचा वास घ्या. तवा आमी काय सांगायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. घरी येऊन मी त्यावर बसले. जे सुचलं ते प्रामाणिकपणे मांडते.

पहिली गोष्ट. आपला लढा कधीच एखाद्या वासाशी किंवा चवीशी नव्हता. तो आठवड्याच्या मजुरीशी होता, रात्रीच्या माराशी होता, पोलीस पाटलापासून वरपर्यंत चालणाऱ्या हप्त्याशी होता. 'दारू वाईट' असं आपण म्हणत गेलो, कारण घोषणेला ते सोपं पडतं. पण त्याचा तोटाही झाला. सगळा दोष बाटलीवर गेला आणि बाटली धरणारा हात सुटला. "तो शुद्धीत नव्हता" हे वाक्य आपण किती पंचायतींत ऐकलं! शुद्धीत नसलेला माणूस मालकाला मारत नाही, सरपंचाला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. मग शुद्ध कुठे हरवली?

दुसरी गोष्ट. बाईने पेला उचलला म्हणजे ती मुक्त झाली, हेही मला मान्य नाही. शहरातल्या जाहिराती आपल्याला तेच विकू पाहतात. पुरुष करतो ते आपण केलं की बरोबरी, ही फार स्वस्त बरोबरी आहे. त्यात मद्यार्क काही साधीसुधी गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे, की सुरक्षित म्हणावं असं मद्याचं प्रमाण नाही. थोड्या मद्यानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तितक्याच मद्याचा तिच्यावर परिणाम जास्त होतो. दिवस गेलेले असताना तर एक घोटही नको. औषधगोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हे सांगितल्याशिवाय साकेचं कौतुक सांगणं म्हणजे मैत्रिणींना फसवणं झालं असतं.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने हीच खरी. पेला कुणाच्या हातात आहे, कुणाच्या पैशाचा आहे, आणि तो नको म्हणण्याची सोय आहे की नाही? माझ्या चार संध्याकाळी सुरक्षित होत्या, कारण घर माझ्या नावावर आहे, निवृत्तिवेतन माझ्या खात्यात येतं, आणि शेजारी बसलेली माझी भाची होती. दोन वाट्यांनंतर मी हात आडवा धरला, आणि कुणी आग्रह केला नाही. माझ्या त्या मैत्रिणीला यांतलं काहीच मिळालं नाही. तिच्या घरात पेला तिच्या हातात कधी नव्हताच, तिच्या वाट्याला आला तो फक्त त्याचा परिणाम. म्हणजे आमच्या दोघींतला फरक चारित्र्याचा नाही, साधनांचा आहे. हे विसरून मी 'माझी निवड' म्हणून मिरवू लागले तर तो तिच्याशी दगा ठरेल.

आणि वास घेणाऱ्या गुत्तेवाल्याला काय सांगायचं? त्याने आजवर काय कमी वास घेतले? परित्यक्ता असेल तर 'नवऱ्याने टाकलेली काय बोलते', विधवा असेल तर 'हिला काय काम', लग्न न केलेली असेल तर विचारूच नका. बाई बोलायला उभी राहिली की तिचं तोंड, कपडे, कुंकू, सगळं तपासलं जातं. त्याच्या तपासणीत पास होण्यासाठी मी पेला ठेवणार नाही. पण माझ्या मैत्रिणीला मोर्च्यात मान खाली घालावी लागू नये म्हणून मी काय करीन, हा वेगळा प्रश्न आहे. पहिला प्रश्न त्याच्या धाकाचा आहे, दुसरा आमच्या नात्याचा. मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी निवेदन वाचायला तू उभी राहा. मी तुझ्या मागे." ती म्हणाली, "मला वाचता कुठं येतं धड?" सध्या आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही वाचायला बसतो.

एक शेवटची गोष्ट पाण्याची. साकेत ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून जपानात कारखाने चांगल्या पाण्याशेजारी वसले. आपल्या जिल्ह्यातही बिअर आणि मद्याचे कारखाने उभे राहिले, ते जायकवाडीच्या पाण्यावर. शहराकडे जाणाऱ्या जलवाहिन्या आमच्या पैठण रस्त्यानेच जातात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हाही इथे बिअर बनत होती. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलमध्ये मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात केली. त्या उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरमागे धावणाऱ्या बायका कुठल्याच पेल्याच्या चर्चेत नव्हत्या. तेव्हा दारूचा प्रश्न हा नुसता पिणाऱ्याचा नाही, बनवणाऱ्याचा आहे, पाण्याचा आहे, महसुलाचा आहे. साकेचा एक घोट घेतला म्हणून मला हे दिसलं असं मी म्हणणार नाही. पण आपण काय पितो हे नीट पाहायला शिकलं, की ते कुठून आलं आणि कुणी बनवलं हे विचारावंसं वाटतं, एवढं खरं.

लहान बाटली आम्ही चौथ्या संध्याकाळी संपवली. मोठी अजून अर्धी होती, पण आठ-दहा दिवस उलटून गेले आणि तिची चव उतरली. मी ती मटण मुरवायला वापरली; चांगलं झालं. पुन्हा बाटली आणीन का? भाची आणील तर दोन वाट्या घेईन. आणि गुत्त्यासमोरच्या पुढच्या ठिय्याला जाईन.

माझं चुकत असेल तर सांगा. विशेषतः ज्यांनी घरात दारूचा मार सोसला आहे, त्यांनी लिहावं. लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्यावं. पुढच्या अंकात आपण सगळ्याजणी यावर बोलू.